शेवटच्या घरचा खाऊ

आमच्या गल्लीत सूर्य दोनदा मावळतो. आधी टेकडीमागे, फक्त आमच्यासाठी, आणि मग बऱ्याच वेळानं बाकी नागपूरसाठी. मधला वेळ आम्ही अर्धवट उजेडात भाजी निवडतो.

आमचं ले-आऊट, म्हणजे प्लॉट पाडून वसलेली वस्ती, वाडी गावाच्या मागे आहे. अमरावती रोडवरच्या ट्रकांच्या रांगा आणि गोडाऊनं ओलांडून आत वळलं की डांबर संपतं, मुरूम सुरू होतो, आणि मुरूम संपला की टेकडी. टेकडी म्हणजे फार काही नाही हो, गाडीवाला टुरिस्ट तिच्याकडे मान वळवूनही बघणार नाही. पण पायथ्याशी राहणाऱ्याला तीच हिमालय. पाऊस पडला की वरचं सगळं पाणी, गोटे आणि कोणाची तरी एक चप्पल आमच्या अंगणात. उन्हाळ्यात खडक असा तापतो की कूलर नुसता ओरडतो, गार काही करत नाही. वाळवण टाकलं की वानरं हजर. आणि मोर पहाटे असे किंचाळतात की नव्या भाडेकरूला वाटतं शेजारी भांडण लागलं. एकदा एक बिचारा सोडवायला निघाला होता.

गल्लीतलं शेवटचं घर गोपाळराव काकाजींचं, म्हणजे पोरींच्या आबाजींचं. त्यांच्या फाटकापुढे रस्ता एका सपाट खडकाशी थांबतो आणि तिथून टेकडी चढायला लागते. त्यांच्या अलीकडचं घर आमचं. मधली भिंत छातीएवढी. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मला मोजता येतात, आणि आमच्याकडे कोण कोणाला काय बोललं ते त्यांना पाठ असतं.

काकाजी खापरखेड्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर होते. उभी उमर त्या धडधडीत गेली म्हणून त्यांचं बोलणं मोठ्यानं. "चहा घेता काय?" असं विचारलं तरी समोरचा दचकतो. रिटायर होण्याआधी इथे प्लॉट घेतला, तेव्हा इथे रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची झुडपं आणि साप याशिवाय काही नव्हतं. लाईनही आली नव्हती. वीज बनवणाऱ्या माणसाच्या घरी पहिला उन्हाळा कंदिलावर निघाला, हे त्यांची बायको देवकीकाकू आल्यागेल्याला सांगायच्या आणि काकाजी दर वेळी चिडायचे. चिडले की बाहेर जाऊन एखादा खड्डा खणायचे. त्यांच्या अंगणातली सीताफळाची सगळी झाडं अशी रागातून लागली आहेत.

आणि देवकीकाकू म्हणजे आमच्या गल्लीची भुलाबाई. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या विदर्भात पोरी मातीची भुलाबाई मांडतात, शेजारी भुलोजी. संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणायची, आणि गाणी झाली की त्या घरचं माणूस झाकलेला डबा घेऊन येतं. डबा वाजवून दाखवायचा, पोरींनी आतला खाऊ ओळखायचा. ओळखला तर पोरी जिंकल्या, नाही ओळखला तर घर जिंकलं. खायला दोन्हीकडून मिळतं. आता ट्यूशन आणि डान्स क्लासमधून महिनाभर कोणाला वेळ आहे? आमच्याकडे शेवटच्या चार दिवसांपुरती भुलाबाई उरली आहे. पण आहे.

काकूंचा खाऊ कोणाच्या बापाला ओळखू यायचा नाही. एका साली डब्यात चिंचोके खुळखुळत होते, पोरींनी जगातले सगळे लाडू-चिवडे मोजले, आणि झाकण उघडलं तर मधोमध वाटीत शिरा! पोरी हारल्या की काकू अशा हसायच्या की टेकडीवरून मोर उत्तर द्यायचे. काकाजी तेव्हा मागे दारात उभे असायचे. पुढे कधी आले नाहीत. "हे बायकाईचं काम आहे," म्हणायचे, पण त्या दिवसांत संध्याकाळी कुठे जायचेही नाहीत.

माघात काकू गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता गेल्या. मुलगा मोहित हैदराबादहून आला, चला म्हणाला. काकाजी म्हणाले, "तुह्या चौदाव्या माळ्यावर मी काय वटवाघूळ आहे काय?" आणि राहिले इथेच, एकटे.

घरात बाई नसली की शेजारच्या बायका फाटकातूनच बोलतात. असंच असतं, कोणी ठरवत नाही. काकूंच्या मागे त्या घरात बाईमाणूस म्हणून कोणी पाऊल टाकलं नव्हतं. मी भाजीची वाटी द्यायचे, तीही भिंतीवरून.

तर यंदाच्या भुलाबाईची गोष्ट.

गल्लीच्या तोंडाशी रुखमाबाई राहतात. वयानं सगळ्यांत मोठ्या, म्हणजे आमचं सुप्रीम कोर्ट. पोरी निघायच्या आधीच त्यांनी निकाल दिला होता. "देवकीचं वर्ष नाही झालं. त्या घरी यंदा सण नाही. पोट्ट्याईनं तिकडं जायचं नाही." आता यात खोटं काय? वर्ष होईपर्यंत दुःखाच्या घरी गाणी-टाळ्या करत नाहीत, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. उलट काकाजींना त्रास नको, असंच सगळ्यांच्या मनात. माझी अश्लेषा नववीत, पोरींची पुढारी. तिनंही मान हलवली.

पहिल्या संध्याकाळी पोरी आमच्या घरापर्यंत आल्या. गाणी झाली. मी डबा वाजवायच्या आधीच अश्लेषा म्हणाली, "चिवडा. आई नेहमी चिवडाच ठेवते." घरचं पोर असं उलटलं की काय बोलायचं? खाऊन सगळ्या माघारी वळल्या. मी फाटक लावायला गेले, तर काकाजींच्या पोर्चमध्ये लाईट. काकाजी खुर्चीवर बसलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट. फाटक सताड उघडं, समोर पाणी शिंपडलेलं.

ते भिंतीपाशी आले. "अश्लेषाची आई, आज पोट्ट्या इथूनच परतल्या?" त्यांनी हळू विचारलं. म्हणजे त्यांच्या मानानं हळू.

आता मी काय सांगू? काकू गेल्या म्हणून तुमचं घर सोडलं, असं तोंडावर म्हणायचं? जिभेवर आलं ते बोलून मोकळी झाले. "वर बिबट आहे म्हणतात नं काकाजी. आया घाबरून राहिल्या."

ही अगदीच थाप नव्हती. दर साली कोणाचं तरी कुत्रं हरवतं आणि बिबट्याच्या नावावर जातं. काकाजींनी टेकडीकडे पाहिलं. "हव, हे बरोबर आहे," म्हणाले. "लेकराईची गोष्ट आहे."

मी सुटले, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खसाखस आवाज. पाहते तर काकाजी कोयता घेऊन रस्त्याच्या कडेची रायमुनिया तोडून राहिले! आमच्या भिंतीपासून त्यांच्या फाटकापर्यंत सगळी बाजू साफ. हात काट्यांनी ओरबाडलेले, घामानं शर्ट चिंब. दुपारी स्कूटर काढून वाडीला गेले आणि लग्नात लावतात तशा दिव्यांच्या माळा घेऊन आले. भिंतीवर, फाटकावर, सीताफळांवर, सगळीकडे लावल्या. शेवटी खडकाच्या बाजूला एक मोठा हॅलोजन. संध्याकाळी तिथे इतका उजेड की बिबट काय, त्याची सावलीही लपली नसती. आणि काकाजी हातात काठी घेऊन फाटकाशी उभे, राखणीला.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पोरी आल्या, आमच्याकडे गायल्या, आणि वळल्या. रुखमाबाईंची नात वेदिका, सहा वर्षांची, तिनं लांबूनच काकाजींना हात हलवला. काकाजींनी काठीसकट हात वर केला. पोरी गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत तो हात तसाच वर होता.

त्या रात्री जेवताना मी घरी सगळं सांगितलं. आमचे हे म्हणाले, "सांगून टाक नं त्यांना." सांगणं सोपं असतं ज्याला सांगायचं नसतं त्याला.

सकाळी काकाजीच भिंतीशी आले. रात्रीतून माणूस उतरल्यासारखा दिसत होता. "आता तर उजेड केला, झुडूप काढलं," ते म्हणाले. "आता काहून नाही येऊन राहिल्या?" मग ते म्हणाले, "एक विचारू? मी जोरानं बोलतो म्हणून पोट्ट्या मले भेतात काय? देवकी होती तं ती पुढं असे. मी बोलणारच नाही पाहिजे तं. नुसता डबा धरतो."

माय वं! माझ्या डोळ्यांना धारच लागली. एवढा मोठा माणूस, आवाज लपवायला निघाला होता. मग मी सगळं सांगून टाकलं. बिबट नाही, आवाज नाही, काही नाही. वर्ष झालं नाही म्हणून.

काकाजी बराच वेळ भिंतीवरचा चुना नखानं खरवडत राहिले.

"वर्ष मी पाळून राहिलो नं," ते म्हणाले. "गोड नाही खाल्लं, कोणाच्या लग्नात नाही गेलो. पाळीन अजून. पण पोट्ट्या माह्याकडे कधी येत होत्या? तिच्याकडे येत होत्या. माह्या दुःखाची सजा तिच्या घराले कायले?" मग म्हणाले, "अन् यंदा घर सुटलं नं, तं सुटलंच समजा. पुढच्या साली अश्लेषा दहावीत. बारक्याईले माहीतच नाही राहणार का आपल्याले इथंबी जायचं असते. मंग कोण येते टेकडीखाली?"

खरं होतं ते. पोरींच्या पायांना वाट माहीत असते, पत्ता नाही. एक साल पाय वळले नाहीत की वाट मोडते. आणि कोजागिरी उद्यावर आली होती.

मी पदर खोचला आणि रुखमाबाईंच्या घरी गेले. त्या ओट्यावर गवारीच्या शेंगा मोडत होत्या. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "वर्ष नाही झालं."

"मले माहीत आहे."

"मंग कायले आली?"

मी सांगितलं. कोयता, माळा, काठी, आवाजाचं सगळं. त्यांच्या हातातली शेंग थांबली नाही. "लोक काय म्हणतील?" त्या म्हणाल्या. "बायको जाऊन वर्ष नाही झालं अन् बुढ्याच्या दारात टाळ्या पिटून राहिले."

"लोक म्हणजे कोण, रुखमाबाई? या गल्लीत लोक म्हणजे तुम्हीच तर आहात!"

त्यांनी अशी नजर टाकली की मी दोन पायऱ्या खाली उतरले. "भल्ली जीभ चालते वं तुही," म्हणाल्या. मग खाली मान घालून शेंगा मोडत राहिल्या. मोडता मोडता नाक ओढलं. "मले काय देवकी आठवत नाही? माह्याहून लहान होती. ती मले खांदा द्यायची, का मी तिले?" शेंगांचं ताट बाजूला सारलं आणि पदरानं तोंड पुसलं. मी उभीच.

"त्या घरात गाणं नाही होणार," त्या शेवटी म्हणाल्या.

"बरं."

"अंगणातबी नाही."

"बरं."

"फाटकाच्या बाहेर तो खडक आहे, तो कोणाच्या सातबाऱ्यावर आहे?"

"कोणाच्याच नाही. टेकडीचा आहे."

"मंग टेकडीले कोणतं सुतक?" रुखमाबाई म्हणाल्या आणि पुन्हा शेंगांकडे वळल्या. "पोट्ट्याईले सांग, उद्या शेवटची गाणी खडकावर. मी दूध आटवून आणते."

मी धावतच आले आणि भिंतीवरून सांगितलं. काकाजींनी ऐकलं, "हव" म्हणाले आणि तडक आत निघून गेले. मागोमाग डब्यांची आदळआपट ऐकू आली.

कोजागिरीच्या दुपारी मी झोपले होते, तर नाकाला वास. बेसन, खोबरं, खसखस, आणि कोथिंबीर, म्हणजे आमचं सांबार. सांबारवडी! उठून भिंतीशी गेले. खिडकीतून काकाजी दिसले, कढईसमोर, बनियनवर, कपाळाला पीठ.

"काकाजी! सांबारवडी कोणी खाऊ म्हणून ठेवते काय? वास तर वाडीच्या नाक्यापर्यंत जाऊन राहिला! पोट्ट्या डबा पाहण्याच्या आधी ओळखतील."

"मले येते तेवढंच," काकाजी ओरडले. "ती लाटून, भरून दे, मी तळो. तळण माह्याकडे असे. लाटणं आज पहिल्यांदा केलं." त्यांनी झारा वर करून दाखवला. त्यावरची वडी फुटून सांबार बाहेर लोंबत होता. "फुटते का काय होते हिले, कळून नाही राहिलं. माह्यावाला जाळ तर बरोबर आहे."

मी फाटक उघडून आत गेले. माघानंतर पहिल्यांदा. कोणी बघतं की नाही ते बघायलाही विसरले. कडा पाण्यानं चिकटवायच्या असतात, हे त्यांना दाखवलं. मग मी लाटून, भरून देत गेले आणि ते तळत गेले. तळणं खरंच एक नंबर होतं हं, एकही वडी करपली नाही. बोललो फार नाही. एकदाच ते म्हणाले, "ती अशीच उभी राहे, तुमच्यासारखी, डाव्या हातानं." मी डावखुरी आहे, आणि काकूही होत्या. हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

टेकडीमागे आमचा सूर्य बुडाला तशी गल्ली निघाली. काकाजींना मारलेली माझी बिबट्याची थाप एव्हाना गल्लीभर झालेली, त्यामुळे सगळ्या आया सोबत, कोणाच्या हातात बॅटरी, कोणाच्या हातात लाटणं. खडकावर पाट ठेवला, पाटावर भुलाबाई आणि भुलोजी, वर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव. काकाजींच्या माळांचा उजेड सगळ्यांच्या तोंडावर. काकाजी फाटकाच्या आत, पोरी फाटकाच्या बाहेर, मध्ये हातभर जागा. पोरी गायल्या. अश्लेषाचा आवाज मध्येच बसला, कारण एक गाणं काकूंनीच तिला शिकवलेलं, पण तिनं ते ओढून नेलं. समोर गोडाऊनांच्या पत्र्यांमागून चंद्र वर आला. काकाजी डबा छातीशी धरून उभे होते.

गाणी संपली. "खाऊ! खाऊ!" पोरी ओरडल्या. काकाजींनी डबा वाजवला.

वेदिकानं नाक वर केलं. एकदा हुंगलं. "सांबारवडी!"

झालं. मला वाटलं, एवढ्या मेहनतीचा खेळ एका दमात संपला.

"नाही," काकाजी म्हणाले.

मी बघतच राहिले. चेहरा असा सरळ, जणू बॉयलरचा काटा वाचून दाखवताहेत. रुखमाबाईंनी तोंड उघडलं, मी त्यांच्या दंडाला चिमटा काढला. त्यांनी मिटलं.

"नाही?" वेदिकाला खरंच वाटेना. पण मोठं माणूस नाही म्हणतं म्हणजे नाहीच. मग सुरू झालं. आलूबोंडा? नाही. शेव? नाही. करंजी, शंकरपाळे, अनारसे, साबुदाण्याचे वडे? नाही, नाही, नाही. काकाजी डबा वाजवत होते, डोक्यावर धरत होते, कानाला लावून "आत कोण आहे रे?" विचारत होते. पोरी फाटकाच्या गजांना लोंबकळू लागल्या. कोणी म्हणालं दगड, कोणी म्हणालं बिबट. हसून हसून एकीला उचकी लागली. मी इतक्या वर्षांत काकाजींना असं कधी पाहिलं नव्हतं. चंद्र गोडाऊन सोडून पार वर आला, रुखमाबाईंच्या दुधावर साय धरली, तरी कोणी हार म्हणेना आणि काकाजी हो म्हणेनात.

शेवटी अश्लेषाच दमली. "हारलो, आबाजी. उघडा."

काकाजींनी झाकण उघडलं. वास भसकन बाहेर आला. फुटक्या, सरळ, वाकड्या सगळ्या सांबारवड्या.

वेदिका पाय आपटत ओरडली, "मी सांगितलं होतं! पहिल्यांदाच सांगितलं होतं! आबाजी, तुम्ही खोटं बोलले!"

"हव," काकाजी म्हणाले. "बोललो." या वेळी आवाज खरंच लहान होता. "ओळखलं म्हटलं असतं, तर तुम्ही खाऊन निघून गेल्या असत्या नं."

मी रुखमाबाईंकडे पाहिलं नाही, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

वेदिका मात्र अजून रागातच होती. दोन्ही हात कमरेवर. "मग 'बसा' म्हणायचं नं!" ती म्हणाली. "बसलो असतो."

काकाजींनी डबा तसाच एका हातात धरला आणि दुसऱ्या हातानं चाचपडत फाटकाची कडी काढली. फाटक पूर्ण उघडलं.

"बसा," ते म्हणाले.

पोरी धडाधड आत शिरल्या, पोर्चच्या पायऱ्यांवर, खुर्चीवर, सीताफळाखाली, जागा मिळेल तिथे बसल्या. मी रुखमाबाईंकडे पाहिलं. त्यांनी दुधाचं पातेलं उचललं, माझ्या हातात दिलं, लुगडं सावरलं आणि फाटकाच्या आत पाऊल टाकलं.

"सरका गं," त्या पोरींना म्हणाल्या, "मलेबी जागा द्या."